निगेटिव्ह लिहिलेल्या चार स्लाईड

मी मलेरियाच्या स्लाईड फार झटपट वाचायची. आज हे सांगताना जीभ अडखळते, पण तेव्हा हीच माझी ओळख होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. सुरतेत, उधन्याच्या पुढे, एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन होते. पावसाळा सरला की तापाच्या पेशंटांची रांग आमच्या खिडकीपासून थेट फाटकाबाहेर जायची. बहुतेक सगळे यंत्रमागावरचे कामगार, नाहीतर त्यांच्या बायका-पोरं. बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि मग मायक्रोस्कोपखाली त्या रक्तात मलेरियाचे जंतू शोधायचे. ही पट्टी म्हणजे स्लाईड. सीझनला ढिगाने स्लाईड यायच्या आणि रिपोर्ट चार वाजता खिडकीवर हवे असायचे, कारण पाळी सुटलेले कामगार तेव्हाच यायचे.

त्या ढिगातला निम्मा माझ्या एकटीच्या हातून जायचा. ट्रस्टचे मॅनेजर पाहुण्यांना लॅब दाखवायला आणत आणि माझ्या स्टुलामागे उभं राहून म्हणत, "आ बेन सौथी झडपी छे," म्हणजे ही बाई सगळ्यांत झटपट. मी मान वर न करता पुढची स्लाईड लावायची. मान वर न करणं हाही त्यातला तोरा होता.

तोरा असायला कारणही होतं. माझे वडील धुळ्याकडून सुरतेला मागावर आले, गोडादऱ्याला दोन खोल्यांत आम्ही वाढलो, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत डिप्लोमा झालेली मी पहिली मुलगी. वडील कोणालाही सांगायचे की आमची पोरगी रक्तात बघून रोग सांगते.

लॅबमध्ये आम्ही तिघं टेक्निशियन होतो. दोघं पुरुष, त्यातले एक बरेच सीनियर, आणि मी. चौथी होती मावशी. ती परभणीकडची. नवऱ्याबरोबर बांधकामावर सुरतेला आली होती, नवरा गेल्यावर दवाखान्यात काचेचं सामान धुवायला लागली. टेस्ट ट्यूब, पिपेट, जुन्या स्लाईड, सगळं तिच्या मोरीत जायचं. त्या काळी स्लाईड धुऊन पुन्हा वापरत. हळूहळू स्लाईड रंगवण्याचं कामही तिच्याकडे आलं, कारण तिच्या हातचा रंग कधी बिघडत नसे. आम्ही घाईत रंग ओतायचो आणि स्लाईडवर निळे ठिपके राहायचे. तिच्या स्लाईड स्वच्छ निघायच्या.

तिची एक सवय आम्हाला गमतीची वाटायची. जुन्या स्लाईड धुवायला नेण्याआधी ती एखादा मायक्रोस्कोप रिकामा दिसला की त्यावर एकेक लावून बघत बसे. आधीच्या डॉक्टरांनी तिला कधी हटकलं नव्हतं. मी एकदा विचारलं, "मावशी, काय बघता त्यात?"

"काय धुवून टाकायलेय ते बघते," ती म्हणाली.

मी हसले होते.

मग नवीन मॅडम आल्या. पॅथॉलॉजिस्ट, मूळच्या सुरतेच्याच, पण शिकलेल्या बडोद्यात. त्यामुळे मराठी त्यांना सगळं समजायचं, बोलायच्या मात्र गुजराती-हिंदी मिसळून. पहिला महिनाभर त्या कोणाला काही बोलल्या नाहीत. नुसत्या फिरायच्या, बघायच्या, छोट्या वहीत काहीतरी लिहायच्या. मग दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि सांगितलं की या आठवड्यात प्रत्येकाला वीस स्लाईड मिळतील, प्रत्येकाने आपापल्या वाचून कागदावर उत्तर लिहायचं, एकमेकांना विचारायचं नाही.

सीनियर भाईंचा चेहरा पडला. "मॅडम, अठरा वर्षं झाली मला या स्टुलावर. आता परीक्षा?"

"रक्ताचं कलरिमीटर मशीन आपण दर सोमवारी तपासतो ना?" मॅडम म्हणाल्या. "ते बरोबर दाखवतंय का, पाहतो. त्याचा अपमान होतो का? मग आपले डोळे का नाही तपासायचे?"

मग त्यांनी मोरीकडे पाहून सांगितलं, "मावशीपण वाचतील."

"मावशी?" हे मी म्हटलं. अगदी मीच. "मॅडम, त्यांना इंग्लिश लिहिता येत नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह कसं लिहिणार?"

"मराठीत लिहितील."

स्लाईड आल्या. प्रत्येकीवर फक्त एक नंबर. अर्ध्या सकाळी वाचायच्या होत्या, अर्ध्या जेवणानंतर, आणि रोजचं काम चालूच. मला त्यात काहीच कठीण वाटलं नाही. मी दोन्ही वेळा सगळ्यांत आधी कागद दिला. मावशी आपला कागद घेऊन दोन दिवस बसली होती. तिने एका वाटीत चिंचोके आणले होते. एक जागा बघून झाली की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत टाकायचा, असे शंभर. मायक्रोस्कोपखाली एका वेळी स्लाईडचा जेवढा गोल दिसतो त्याला फील्ड म्हणतात आणि जंतू दिसला नाही तर असे शंभर फील्ड बघितल्याशिवाय निगेटिव्ह म्हणायचं नाही, हा नियम आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी शिकवला होता. पाठही होता.

शुक्रवारी मॅडमनी एकेकाला केबिनमध्ये बोलावलं. माझा नंबर शेवटी होता. टेबलावर माझा कागद होता आणि शेजारी दोन स्लाईड.

"ही सात नंबर. सोमवारी सकाळी तुम्ही पॉझिटिव्ह लिहिलीत. बरोबर आहे."

मी मान हलवली.

"ही सोळा नंबर. दुपारी साडेतीनला निगेटिव्ह लिहिलीत." त्यांनी दोन्ही स्लाईड माझ्यापुढे सरकवल्या. "दोन्ही एकाच पेशंटच्या आहेत. एकाच थेंबाच्या. नुसता नंबर वेगळा."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. अशा जोड्या वीसमध्ये चार होत्या. सकाळी चारही बरोबर, दुपारी चारपैकी तीन चूक. आणखी एक स्लाईड होती, तिच्यात रंगाची घाण इतकी होती की ती वाचताच येण्यासारखी नव्हती. मी तिथे ठळक अक्षरांत निगेटिव्ह लिहिलं होतं.

"अशी एक प्रत्येकाला दिली होती. मावशींनी त्यांच्या स्लाईडला काय लिहिलंय माहीत आहे?" मॅडमनी तिचा कागद दाखवला. मोठ्या, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, 'सांगता येत नाही'. "हेच बरोबर उत्तर आहे. तुम्हा तिघांपैकी कोणीच ते लिहिलं नाही." मावशीच्या बाकी एकोणीसही बरोबर होत्या.

मी वाद घातला. लेन्स जुनी आहे म्हटलं. दुपारी खिडकीतून ऊन येतं म्हटलं. रोज इतक्या स्लाईड, चारचा रिपोर्ट, माणूस आहे की मशीन, असंही म्हटलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"इतक्या स्लाईड एका माणसाला देणं ही दवाखान्याची चूक आहे," त्या म्हणाल्या. "ती मी मॅनेजरना सांगितली आहे, उद्यापासून तुमचा ढीग निम्मा होईल. पण एक सांगा. दुपारी एका स्लाईडचे किती फील्ड बघता?"

शंभर, हे उत्तर तोंडात आलं होतं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की जणू त्यांना खरंच माहीत करून घ्यायचंय. रागवायचं नाहीये.

"वीस," मी म्हटलं. "कधी पंधरा."

त्यांनी ते वहीत लिहिलं नाही. "मागच्या दोन आठवड्यांच्या तुमच्या दुपारच्या सगळ्या निगेटिव्ह स्लाईड काढा," एवढंच म्हणाल्या. "पुन्हा वाचायच्या आहेत. तोपर्यंत रिपोर्टवर तुमची सही नको. आणि वाचायला मावशींजवळ बसा."

घरी आले ती जेवणाला हातही लावला नाही. आई विचारून थकली. वडील पाळीवरून आले, चहा घेतला, माझ्याजवळ बसले.

"काय व्हयनं व माय?" घरात आम्ही अहिराणीच बोलायचो.

मी सांगितलं. मावशीचं आधी सांगितलं, तेच जास्त खुपत होतं. भांडी धुणारी बाई माझ्यापेक्षा चांगलं वाचते, म्हणजे माझा डिप्लोमा काय कामाचा. वडिलांनी ते सगळं ऐकलं, आणि विचारलं ते भलतंच.

"ज्या मानसंस्ना रिपोर्ट चुकना, त्या कथा शेतस?"

ती माणसं कुठे आहेत. दिवसभरात माझ्या मनात हा प्रश्न एकदाही आला नव्हता. मला तोपर्यंत स्लाईड चुकल्या असं वाटत होतं. त्या स्लाईडना माणसं लागलेली आहेत हे मी मघाशी केबिनमध्ये वीस म्हणतानाही विसरले होते. ती रात्र वाईट गेली.

सोमवारपासून मी मावशीशेजारी बसले. आधी मी माझ्याच तोऱ्यात होते. ती चिंचोक्यांची वाटी माझ्याकडे सरकवायची आणि मी परत तिच्याकडे सरकवायची.

"मला मोजता येतं मनात."

"मग मोज की," ती म्हणाली. "पण तू तिसाला शंभर म्हणायलीस. मी बघायलेय ना."

ती खरं बोलत होती. तीसच्या पुढे गेलं की हात आपोआप स्लाईड काढायला जायचा. डोळ्यांना काही दिसायच्या आधीच मनाने उत्तर देऊन टाकलेलं असायचं. तिसऱ्या दिवशी मी चिंचोके घेतले. शंभर चिंचोके एका वाटीतून दुसरीत जायला किती वेळ लागतो हे मला पहिल्यांदा समजलं. डोळे चुरचुरायचे, मान अवघडायची. आणि मग एकसष्टाव्या, बहात्तराव्या जागी एखादी लहानशी निळी कडी दिसायची, लाल ठिपक्याची अंगठी असावी तशी. ती आधीही तिथेच होती. मी तिथवर पोचलेच नव्हते.

"तुम्ही हे कुठे शिकलात?" मी मावशीला विचारलं.

"कुठं शिकणार? एका डॉक्टरनं एकदा दाखवलं होतं, हे असं दिसलं की मलेरिया. मग रोज धुवायच्या आधी बघायचे. जिच्यावर लाल पेनानं लिहिलेलं असायचं तिच्यात ते सापडेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवलं होतं." तिने पुढची स्लाईड लावली. "आमचे मालक तापानंच गेले. रिपोर्टमध्ये काही नाही म्हणले होते. त्यात खरंच काही नव्हतं की कोणी बघितलंच नव्हतं, हे कोणाला विचारणार?"

तिने हे अगदी सरळ आवाजात सांगितलं, डोळा मायक्रोस्कोपला लावूनच. मी चिंचोके मोजत राहिले.

आठवडाभरात सगळा ढीग वाचून झाला. चार स्लाईड पॉझिटिव्ह निघाल्या. चार माणसं, ज्यांना मी काही नाही म्हणून घरी पाठवलं होतं. मॅडमनी रजिस्टरमधून त्यांची नावं आणि पत्ते उतरवून घेतले आणि गोळ्यांच्या चार पुड्या बांधून माझ्यापुढे ठेवल्या.

"शिपायाला पाठवू का?" त्यांनी विचारलं.

"मीच जाते," मी म्हटलं. थोरपणा वगैरे काही नव्हता त्यात. वडिलांना घरी गेल्यावर काय सांगायचं, हा विचार डोक्यात होता. मॅडमनी मावशीलाही बरोबर दिलं.

पहिला पत्ता बमरोलीचा, एका मागाच्या कारखान्याचा. आम्ही शटल रिक्षाने गेलो. माणूस मागावरच होता, तिशीचा असेल, विदर्भातला. गळ्याभोवती टॉवेल, डोळे खोल गेलेले. ताप अंगात घेऊन तो पाळी करत होता. मी वडिलांचा कारखाना लहानपणी पाहिला होता, पण तो आवाज विसरले होते. शेजारच्या माणसाच्या कानात बोललं तरी ऐकू जात नाही. मी म्हटलं, तुमच्या रिपोर्टमध्ये चूक झाली. त्याने हात कानाला लावला. मी मोठ्याने म्हटलं. त्याने मान हलवून नाही ऐकू येत अशी खूण केली.

शेवटी मी ओरडले, "तुम्हाला मलेरिया आहे! रिपोर्ट चुकीचा होता! माझी चूक झाली!"

नेमका तेव्हाच त्याने माग बंद केला होता. शेजारचे दोन-तीन मागही थांबले. सगळ्यांनी वळून पाहिलं.

मला वाटलं आता हा बोलेल, आणि बोललाच पाहिजे. पण त्याने पुडी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "म्हणजे मला खरंच ताप होता?"

"हो."

"मुकादम म्हणत होता मी नाटकं करतो. रिपोर्ट दाखवला तर तोच रिपोर्ट माझ्या तोंडावर मारला त्यानं." मग तो मागच्या बाजूला उभ्या असलेल्या मुकादमाकडे वळून म्हणाला, "ऐकलं ना? बाई काय म्हणते ते ऐकलं ना?"

त्याने मला एक शब्दही लावला नाही, उलट मी येऊन त्याची बाजू घेतल्यासारखं त्याला वाटलं, हे मला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं. मॅडमनी दिलेली चिठ्ठी मी मुकादमाच्या हातात दिली. दोन दिवस या माणसाला विश्रांती लागेल, असं तीत लिहिलं होतं. मुकादम ती खिशात घालून निघून गेला.

दुसरा पत्ता गोडादऱ्याचा, आमच्या घरापासून चार गल्ल्या सोडून. तिथे सहा वर्षांची मुलगी होती. ताप उतरला नाही म्हणून आईने तिला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं होतं, तिथे पुन्हा रक्त तपासलं गेलं, गोळ्या झाल्या आणि मुलगी दारात ठिक्कर खेळत होती. आई जळगावकडची. मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "व्हय का? बरं झालं सांगायले उनात." सांगायला आलो हेच तिला बरं वाटलं, तिने आम्हाला चहा केला. मुलीने मला ओळखलं. सुई टोचणारी बाई म्हणून ती आईच्या मागे लपली.

तिसऱ्या ठिकाणी, पांडेसऱ्याला, मी ज्याची वाट बघत होते ते मिळालं. तिथला माणूस आठ दिवस मोठ्या दवाखान्यात राहून नुकताच घरी आला होता, खाटेवर पडून होता, अंगात उठून बसण्याइतकंही बळ नव्हतं. त्याच्या बायकोने माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि मग जी सुरुवात केली ती थांबलीच नाही. मी कागदावर काय लिहिलं, तिच्या नवऱ्याचे दात कसे वाजत होते, पोरांना शेजारणीकडे टाकून ती कशी धावत होती, सगळं. शेवटी म्हणाली, "तुम्हाला दिसत नसेल तर त्या खुर्चीत बसता कशाला?"

मी उभीच होते. मावशीने माझा हात धरून मला बाहेर नेलं नाही, मध्येही पडली नाही. बाई बोलून दमली, तिने पदराने तोंड पुसलं, तेव्हा मावशी फक्त म्हणाली, "त्येंला पाणी उकळून द्या बाई. आणि गोळ्या मध्येच सोडू देऊ नका."

रस्त्यावर आल्यावर मला रडू आलं. मावशी पानाच्या टपरीच्या सावलीत थांबून राहिली. माझं झाल्यावर म्हणाली, "चल, एक राहिलंय."

चौथा पत्ता चलथाणचा होता. एकोणीस वर्षांची बाई, ऊसतोडीवर आलेली. रजिस्टरमध्ये पत्त्याच्या जागी नुसतं लिहिलं होतं, 'चलथाण, कारखान्याजवळ पडाव'. पडाव म्हणजे तोडीवाल्यांची झोपड्यांची वस्ती. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बसने गेलो. कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या गाड्यांची रांग होती, हवेत मळीचा वास होता. विचारत विचारत पोचलो तर पडावाच्या जागी मोकळं रान. चुलींचे दगड, काळी राख, उसाचं पाचट, एक फाटकी चप्पल. कडेला तीन-चार झोपड्या उरल्या होत्या, पण ती माणसं दुसऱ्या टोळीची, दोन दिवसांपूर्वी आलेली.

"ती टोळी बारडोलीकडे गेली," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "नाही, त्यातले काही गावी परत गेले. एक बाई आजारी होती."

"कोणती बाई? काय वय होतं?"

"ते नाही माहीत, बेन. आम्ही नंतर आलो."

"गाव कुठलं त्यांचं?"

त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डांगकडचं असेल, एकजण म्हणाला. नंदुरबारकडचं, दुसऱ्याने सांगितलं.

कारखान्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनाने रजिस्टर काढून मनापासून शोधलं, पण नोंद होती ती टोळीच्या मुकादमाची. मजुरांची नावं त्याच्याकडे. आम्ही बारडोलीच्या बाजूचे दोन पडाव त्या दिवशी पायी हिंडलो. तिच्या नावाच्या दोन बायका सापडल्या. एक पन्नाशीची होती, दुसरी पोटुशी होती आणि तिला कधी ताप आलाच नव्हता. तिसऱ्या पडावाला जाईतो ऊन कललं आणि मावशीचे पाय सुजले.

पुढे मी दोन रविवार एकटीने गेले. काही कळलं नाही. ती आजारी बाई म्हणजे तीच होती का, ती बरी झाली का, तिला वाटेत कोणी गोळ्या दिल्या का, हे मला आजवर माहीत नाही. मॅडमनी रजिस्टरमध्ये पहिल्या तिघांसमोर 'भेट झाली' लिहिलं आणि तिच्यासमोर 'सापडली नाही'. लिहिताना त्या थांबल्या, मला म्हणाल्या, "मी लिहू की तुम्ही?" मग मीच लिहिलं. बऱ्याच वर्षांनी माझ्या हाताखाली लोक आले, मी त्यांची तपासणी करू लागले, तेव्हा कोणीतरी म्हणायचं की मॅडम, एखादी स्लाईड चुकली तर एवढं काय. मी त्यांना ही हकिगत सांगितली नाही. सांगून तो प्रश्न सुटला असता असं मला कधी वाटलं नाही. मी त्यांना नुसतं पुन्हा बसवायची.

महिन्याभराने मॅडमनी माझी पुन्हा परीक्षा घेतली, मुद्दाम दुपारी, जेवणानंतर. एक चुकली. त्यांनी सहीचा अधिकार परत दिला. दर तीन महिन्यांनी सगळ्यांची तपासणी होऊ लागली. कोण कसा थेंब घेतो, कसा रंगवतो, कसा लिहितो, सगळं त्या शेजारी उभं राहून बघत. सीनियर भाई पहिल्या वेळी दोन दिवस रजेवर गेले, नंतर तेच नव्या माणसांना सांगू लागले की घाबरू नका, हे आपल्यासाठीच आहे.

मावशीच्या बाबतीत मात्र पेच होता. मॅडमनी तिला टेक्निशियन करा म्हणून ट्रस्टला लिहिलं, दोनदा लिहिलं. उत्तर आलं की शाळेचा दाखला सातवीचा आहे, नियमात बसत नाही. नियम चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. आमच्या कागदांना काही अर्थ असायलाच हवा. पण मग झालं असं की ज्या स्लाईडबद्दल आम्हाला शंका असे ती मावशी वाचायची, आणि खाली सही मी करायची. पहिल्यांदा सही करताना मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेच मागून म्हटलं, "कर की. तुझी सही चांगली हाय, वळणदार."

मी मॅडमना एक सुचवलं. रजिस्टरमध्ये आणखी एक रकाना आखायचा, 'दुसऱ्यांदा कोणी पाहिली'. तिथे मावशी स्वतःचं नाव लिहायची, त्याच मोठ्या शाळकरी अक्षरात. ट्रस्टच्या नियमात असा रकाना नको असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

पुढच्या वर्षीची एक तपासणी मला चांगली आठवते. स्लाईड वाटून झाल्यावर मावशी मोरीपाशी हात पुसत उभी राहिली आणि अगदी सहज म्हणाली, "मॅडम, आमचं तुम्ही बघता. तुमचं कोण बघतं?"

भाईंनी मान खाली घातली. मला वाटलं मावशीने आज मर्यादा सोडली.

मॅडम विचारात पडल्या. "कोणी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही बघाल?"

त्या दिवशी मावशीने आणि मी मिळून मॅडमसाठी वीस स्लाईड काढल्या. नंबर मावशीने घातले, कोणत्या जोडीच्या आहेत ते फक्त तिला माहीत होतं. मॅडमनी केबिनमध्ये न बसता बाहेर आमच्यात बसून वाचल्या. तास-दीड तास गेला. कागद त्यांनी मावशीच्या हातात दिला.

मावशी बराच वेळ कागदावर बोट फिरवत होती. तिसऱ्यांदा बोट त्याच ओळीवर थांबलं तेव्हा मला समजलं. एक चूक होती. तिने कागद माझ्याकडे दिला, मी पाहिलं, तेरा नंबर. निगेटिव्ह लिहिलं होतं.

कोणी सांगावं हे आम्हा दोघींनाही कळेना. मॅडमनीच हात पुढे केला, कागद घेतला, पाहिला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, मग गेली. त्यांनी तपासणीची वही उघडली आणि सगळ्यांच्या नावांखाली स्वतःचं नाव लिहून पुढे लिहिलं, वीसपैकी एकोणीस.

मग स्टूल ओढून त्या मावशीच्या मायक्रोस्कोपशी जाऊन बसल्या. "लावा तेरा नंबर," म्हणाल्या. "कुठे आहे दाखवा मला."

मावशीने स्लाईड लावली, थोडी सरकवली, थोडी मागे घेतली. "हे बघा," ती म्हणाली, "इथं कडेला, अगदी कोपऱ्यात. मलापण पहिल्यांदा दिसलं नव्हतं."

मॅडमनी डोळा लावला. "हं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ तशाच बघत राहिल्या.